दुसऱ्या डोमेनचा माणूस रिमोट डेस्कटॉपवर अडला, तर आधी काय बघायचं

महिनाअखेरची रात्र, साडेदहा वाजलेले. नाशिकहून स्टोअरच्या काकांचा फोन आला. "ताई, पासवर्ड बरोबर आहे हो. तीनदा टाकला. अजून एकदा टाकून बघू?"

"नको काका. कीबोर्डवरून हात काढा आणि स्क्रीनचा फोटो पाठवा."

ही पहिली पायरी, आणि ती कधीही वगळू नका. असेच प्रयत्न चालू राहिले तर खातं लॉक होतं, आणि लॉक होतं ते माणसाच्या डोमेनमध्ये (डोमेन म्हणजे एकत्र सांभाळलेली खाती आणि मशीनं). सर्व्हर आपला असला तरी ते खातं उघडायचा अधिकार आपल्याला नसतो. एका बिघाडाचे दोन होऊन बसतात.

आमची मांडणी अशी: चाकणला आमची कंपनी, आमचा फॉरेस्ट (डोमेन्सचा स्वतंत्र समूह), आमचा हिशेबाचा सर्व्हर. नाशिकच्या अंबडचा कारखाना नंतर आमच्यात आला, त्याचा फॉरेस्ट वेगळाच राहिला आणि दोघांत ट्रस्ट जोडला, म्हणजे एकाने दुसऱ्याची खाती ओळखावी असा दुवा. यात दिशा नीट समजून घ्या, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. सर्व्हर ज्याचा, तो विश्वास ठेवणारा. माणूस ज्याचा, तो विश्वासातला. म्हणून डोमेन्स अँड ट्रस्ट्सच्या खिडकीत आमच्याकडे हा ट्रस्ट आउटगोइंग दिसला पाहिजे आणि नाशिकला इनकमिंग. आणि ट्रस्ट म्हणजे फक्त ओळख पटणं. सोयरीक जुळली म्हणून तिजोरीची किल्ली हातात येत नाही, ती वेगळी द्यावी लागते.

फोटो आला की संदेश अक्षर न् अक्षर वाचा. पासवर्ड विचारायच्या आधीच कनेक्शन तुटत असेल, तर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बघा, ट्रस्टकडे जाऊ नका. "ऑथेंटिकेशन फायरवॉल" असे शब्द दिसले, तर ट्रस्टवर सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन लावलेलं आहे, म्हणजे नेमून दिलेल्या मशीनवरच बाहेरच्याची ओळख पटते. अशा वेळी सर्व्हरच्या कॉम्प्युटर ऑब्जेक्टवर, सिक्युरिटी टॅबमध्ये, त्या गटाला "अलाउड टू ऑथेंटिकेट" द्या. अॅडव्हान्स्ड फीचर्स चालू केल्याशिवाय तो टॅब दिसत नाही. "लोकल सिक्युरिटी अथॉरिटी कॅनॉट बी कॉन्टॅक्टेड" आलं, तर आधी विचारा की पासवर्ड मुदतबाह्य आहे का, किंवा "पुढच्या लॉगिनला बदला" अशी खूण खात्यावर राहिली आहे का. एनएलए (नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे सत्र उघडायच्या आधीच ओळख तपासणं) चालू असताना रिमोट डेस्कटॉपवरून पासवर्ड बदलता येत नाही, त्यामुळे नवीन माणूस इथे हमखास अडतो.

रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसमधून साइन इन करायचा हक्क नाही, असं लिहून आलं तर आनंद माना. ओळख पटलेली आहे, फक्त परवानगी राहिली आहे. त्यांच्या लोकांचा ग्लोबल गट आमच्या डोमेन लोकल गटात घाला आणि तो गट सर्व्हरवरच्या रिमोट डेस्कटॉप युजर्समध्ये. आमच्या ग्लोबल गटात बाहेरचा माणूस बसतच नाही, तिथे खटपट करू नका. गट घालूनही थोड्या वेळाने आपोआप निघून जात असेल, तर रिस्ट्रिक्टेड ग्रुप्सची ग्रुप पॉलिसी तो पुसते आहे. आणि गट बदलल्यावर माणसाला लॉगऑफ करून परत यायला सांगा, जुन्या तिकिटात (लॉगिनच्या वेळी मिळालेल्या ओळखपत्रात) नवा गट नसतो.

आता सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग. ४६२५ ही लॉगिन फसल्याची नोंद शोधा. लॉगऑन टाइप १० (रिमोट डेस्कटॉप) लावून गाळणी मारू नका. एनएलए असताना ओळख आधी नेटवर्कवरून तपासली जाते, म्हणून अपयशाची नोंद टाइप ३ (नेटवर्क) ची असते. १० वर शोधणाऱ्याला लॉग रिकामा दिसतो आणि तो भलतीकडे जातो. मग सब स्टेटसचा कोड शेवटाकडून वाचा, आणि तिथे शून्य असेल तर स्टेटसचा. ६ए ने संपला तर पासवर्ड खरंच चुकला. ६४ म्हणजे असं नावच सापडलं नाही. २३४ म्हणजे खातं लॉक. १३३ म्हणजे घड्याळं जुळत नाहीत. कर्बेरॉस (तिकिटांवर चालणारी ओळख तपासणी) मुळात ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं. १५बी म्हणजे या प्रकारच्या लॉगिनचा हक्क नाही. सोबत टाइप ३ असेल तर "अॅक्सेस धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क" हा हक्क आणि त्याचा डिनाय दोन्ही तपासा. ४१३ म्हणजे वर सांगितलेली सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन. १८सी म्हणजे ट्रस्टचाच धागा तुटलाय. एनएलटेस्ट कमांडने सिक्युअर चॅनेल (दोन डोमेन्समधला सुरक्षित दुवा) तपासा, डोमेन कंट्रोलर (डोमेनची खाती सांभाळणारा सर्व्हर) जुन्या बॅकअपवरून कोणी उठवलाय का ते विचारा.

६४ बद्दल थोडं जास्त सांगते. कंपन्या एकत्र आल्या की सगळ्यांना एकच मेलचा पत्ता मिळतो, आणि लोक तोच पत्ता लॉगिनला टाकतात. पण तो प्रत्यय (पत्त्यातला @ नंतरचा भाग) दोन्ही फॉरेस्टमध्ये नोंदवलेला असेल, तर आमचा डोमेन कंट्रोलर ते नाव आपल्याच घरात शोधतो आणि नाही म्हणून सांगतो. ट्रस्टच्या गुणधर्मांत नेम सफिक्स राउटिंग उघडून बघा, तिथे हा संघर्ष दिसतो. तोवर माणसाला डोमेनचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि युजरनेम असं टाकायला सांगा. नुसतं युजरनेम कधीच नको.

काकांच्या वेळी आमच्या सर्व्हरवर ४६२५ एकही नव्हती. नोंद नसणं हीसुद्धा माहितीच असते: गाडी सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही. फोटोत लिहिलं होतं, "द फंक्शन रिक्वेस्टेड इज नॉट सपोर्टेड". २०१८ च्या मे महिन्यात क्रेडएसएसपीच्या (रिमोट डेस्कटॉप ज्यातून पासवर्ड पोहोचवतो त्या पद्धतीच्या) दुरुस्तीने पॅच नसलेली मशीनं अडवली, तेव्हापासून हे वाक्य दिसलं की सगळे पॅचकडे धावतात. तेही बघा, दोन्ही मशीनं अद्ययावत आहेत का. आमची होती. मग दुसरं कारण उरतं: कर्बेरॉस जमलं नाही आणि एनटीएलएम (ओळख तपासायची जुनी पद्धत) बंद आहे.

इथे तिकिटाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. काकांचा लॅपटॉप आधी नाशिकच्या डोमेन कंट्रोलरकडून तिकीट घेतो. आमच्या सर्व्हरचं नाव सांगितल्यावर नाशिक त्याला एक ओळखचिठ्ठी देतं: चाकणला जा, हा आमचा माणूस आहे. ती चिठ्ठी घेऊन लॅपटॉप स्वतः चाकणच्या डोमेन कंट्रोलरकडे ८८ पोर्टवर येतो, टर्मसर्व्ह (रिमोट डेस्कटॉप सेवा) नावाचं तिकीट घेतो आणि मगच सर्व्हरच्या दारात उभा राहतो. ही चिठ्ठी नाशिकचा सर्व्हर नेऊन देत नाही, लॅपटॉपलाच यावं लागतं. फायरवॉलमध्ये नुसतं ३३८९ उघडून लोक मोकळे होतात, ते इथे चुकतं.

काकांना कमांड प्रॉम्प्ट उघडायला लावला. केलिस्ट (तिकिटं बघायची कमांड) गेट, मग टर्मसर्व्ह, तिरकी रेघ, सर्व्हरचं पूर्ण नाव. एकेक अक्षर फोनवर सांगितलं, त्यांनी चष्मा लावून टाइप केलं. उत्तरात चूक आली. मग नुसतं केलिस्ट. यादीत नाशिकचं स्वतःचं तिकीट होतं, चाकणच्या नावाची ओळखचिठ्ठी होती, टर्मसर्व्ह नव्हतं. म्हणजे चिठ्ठी मिळाली आणि चाकणच्या वेशीवर अडली. पॉवरशेलमधून टेस्ट-नेटकनेक्शन लावून आमच्या डोमेन कंट्रोलरचं ८८ बघितलं, बंद.

मग इतके महिने चाललं कसं? कर्बेरॉस अडलं की विंडोज गुपचूप एनटीएलएमवर उतरत होतं, आणि त्याच आठवड्यात नाशिकच्या मशीनवरून बाहेर जाणारं एनटीएलएम पॉलिसीने बंद केलं गेलं. त्या पॉलिसीचं मला वाईट वाटत नाही, ती योग्यच होती. तिने झाकलेली चूक उघडी पाडली. सर्व्हरला आयपी टाकून जोडणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्या: आयपी टाकला की सहसा कर्बेरॉस वापरलंच जात नाही. नेहमी पूर्ण नाव टाका, आणि ते नाव दुसऱ्या बाजूला सापडावं म्हणून दोन्हीकडच्या डीएनएसमध्ये कंडिशनल फॉरवर्डर (समोरच्या डोमेनची नावं तिकडेच विचारणारी नोंद) ठेवा.

८८ उघडं असूनही टर्मसर्व्ह मिळत नसेल, तर डोमेन कंट्रोलरवर ४७६९ ची, म्हणजे तिकीट मागितल्याची, नोंद बघा. तिथे अपयशाचा कोड ई असेल तर एन्क्रिप्शन जुळत नाही. ट्रस्ट जुना, त्यावर एईएस या नव्या एन्क्रिप्शनची खूण नाही आणि कुणीतरी जुनं आरसी४ बंद केलंय, अशी ती परिस्थिती असते. ट्रस्टच्या गुणधर्मांत एईएसची खूण दोन्ही बाजूंनी लावा.

दोन गोष्टी मात्र कुणीही घाई केली तरी करू नका. एनएलए बंद करू नका. २०१९ साली रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा पॅच लागेपर्यंत एनएलएनेच बराचसा आडोसा दिला होता. आणि रात्रीपुरतं म्हणून कुणाला अॅडमिन गटात घालू नका. सकाळी ते काढायचं कुणाच्याही लक्षात राहत नाही.

त्या रात्री नेटवर्कच्या मुलाला उठवलं. नाशिकच्या ऑफिस नेटवर्कमधून आमच्या दोन्ही डोमेन कंट्रोलरना ८८, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, एवढा एक नियम त्याने लावला. सव्वाबाराला काकांचा फोन आला, "ताई, आत आलो." मी त्यांना थांबायला सांगितलं आणि सर्व्हरवर ४६२४ ची, म्हणजे लॉगिन यशस्वी झाल्याची, नोंद उघडली. ऑथेंटिकेशन पॅकेजच्या पुढे कर्बेरॉस लिहिलेलं होतं. तिथे एनटीएलएम दिसलं असतं, तर काम झालं नसतं. "चला काका," म्हटलं, "आता एंट्री करून घ्या."