‘इन गॉड वुई ट्रस्ट’वर वाद घालताना या चुका टाळा

‘आमचा देवावर भरवसा आहे’ हे अमेरिकेचं राष्ट्रीय ब्रीदवाक्य. तिथल्या नोटांवर आणि नाण्यांवर ते छापलेलं असतं. धर्म आणि राज्य वेगळं ठेवणाऱ्या देशात हे कसं चालतं, यावरचा वाद बहुतेक वेळा सनावळीतच घसरतो.

देश स्थापन झाला तेव्हापासून हे ब्रीद आहे, असं समजू नका. १७८२च्या राजमुद्रेवर निवडलं ते ‘ई प्लुरिबस उनम’, म्हणजे ‘अनेकांतून एक’. या शब्दांत देव नाही. नाण्यावर देव आला तो यादवी युद्धाच्या धामधुमीत, १८६४ साली, दोन सेंटच्या नाण्यावर. राष्ट्रीय ब्रीद व्हायला तर १९५६ उजाडलं. तेव्हा शीतयुद्ध ऐन भरात होतं आणि देव न मानणाऱ्या सोव्हिएत संघापेक्षा आपण वेगळे, हे अमेरिकेला ठासून सांगायचं होतं.

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे ब्रीदाला विरोध करणारे लोकही घाई करतात. धर्म आणि राज्य यांच्यातली ‘भिंत’ संविधानात शोधू नका. तो शब्द राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या १८०२च्या पत्रातला आहे. १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीत एवढंच आहे की काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, धर्मस्थापनेचा (एखादा धर्म सरकारी ठरवण्याचा) कायदा करणार नाही आणि धर्मपालनाला आडकाठी आणणार नाही. माझ्या मते तेवढंही पुरेसं भक्कम आहे.

सगळ्यात अन्यायाची चूक म्हणजे विरोध करणाऱ्या प्रत्येकाला नास्तिक ठरवणं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०७मध्ये सोन्याच्या नव्या नाण्यांवर हे वाक्य येऊ दिलं नाही, कारण पैशावर देवाचं नाव त्यांना विटंबनेसारखं वाटे. काँग्रेसने ते पुढच्याच वर्षी परत आणलं.

न्यायालयाने ब्रीद कायम ठेवलं म्हणजे श्रद्धा जिंकली, असंही म्हणू नका. ब्रीदाला आव्हान देणाऱ्या १९७०च्या अ‍ॅरोनो खटल्यात अपील न्यायालयाने ते टिकवलं, पण कशाच्या जोरावर? हे शब्द देशभक्तीचे, औपचारिक आहेत. धर्मस्थापनेशी त्यांचा संबंध नाही, असं म्हणून. हे वाचून खऱ्या भाविकाला वाईट वाटायला हवं. मला तरी वाटलं.

आणि ‘आपलं सत्यमेव जयतेही तसंच’ असं पटकन म्हणू नका. ते मुंडकोपनिषदातलं खरं, पण त्यात भरवसा सत्यावर आहे. उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी, ही ह. वि. कामत यांची सूचना आपल्या संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी मतदानाला आली होती. बाजूने ४१ मतं पडली, विरोधात ६८.