बोलिन्हा, फेरीबोट आणि मोठ्याने वाचन

बोलिन्हा म्हणजे गोव्यातली खोबरं-रव्याची बिस्किटं. त्यांचं मिश्रण रात्रभर मुरावं लागतं, म्हणून मुलांसोबतच्या या दिवसाची सुरुवात आदल्या संध्याकाळी. २५० ग्रॅम साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून एकतारी पाक करा (हे काम मोठ्यांचंच). त्यात २०० ग्रॅम बारीक वाटलेलं ओलं खोबरं चार-पाच मिनिटं परता. गॅस बंद करून २५० ग्रॅम बारीक रवा, चमचाभर लोणी, वेलची आणि चिमूटभर मीठ घाला. वजनं मुलांना करू द्या. निम्म्या प्रमाणाचा हिशेब वहीपेक्षा तराजूवर लवकर कळतो. रवा मुरला नाही तर दाताखाली कचकचतो.

सकाळी पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर, सलीम अली पक्षी अभयारण्यात जा. ओहोटीची वेळ मुलांनीच भरती-ओहोटीच्या तक्त्यात शोधावी. भरतीत चिखल बुडतो, मग चरणारे पक्षी फारसे दिसत नाहीत.

परतल्यावर मिश्रणात दोन अंड्यांचे बलक मिसळा. गरम मिश्रणात घातले तर गुठळ्या होतात. लिंबाएवढे गोळे करून चपटे करा, काट्याने रेघा ओढा, १८० अंशांवर २०-२५ मिनिटं भाजा. पसरले तर पाक पातळ राहिला. पुढच्या घाण्यात दोन चमचे रवा वाढवा.

भाजेपर्यंत आळीपाळीने मोठ्याने वाचा. पुस्तकं पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आणता येतील. निवड मुलांची, मग ती चित्रकथा का असेना.