पडदा बघणारं मशीन: छोटी कंपनी आणि कॉलेजची लॅब मिळून कसं बनवायचं

मी पुण्यातल्या एका छोट्या ऑप्टिक्स कंपनीत काम करतो, आम्ही आठच माणसं आहोत, आणि एका इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या लॅबसोबत डायबेटिसच्या पेशंटच्या डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासायला त्याचा फोटो काढणारा फंडस कॅमेरा बनवलाय. लॅबच्या सरांशी कसं जमवलंत, पैसे कुठून आणले, परवानगी कशी काढली, हे सारखं कुणी ना कुणी विचारतं म्हणून एकदाच नीट लिहितोय. लांबलंय, पण ज्याला खरंच यात पडायचंय त्याने पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी लेन्सची ऑर्डर देऊ नका, आठवडाभर डोळ्यांच्या दवाखान्यात ओपीडीत जाऊन बसा. डॉक्टरांशी बोलाच, पण त्यापेक्षा जास्त वेळ ऑप्टोमेट्रिस्ट आणि टेक्निशियनशेजारी बसा कारण मशीन तेच वापरणार असतात. आम्ही गेलो तेव्हा डोक्यात होतं की फोटो अजून शार्प हवा, आणि तिथे बसल्यावर कळलं की खरी अडचण वेगळीच आहे. ड्रॉप्स टाकून बाहुली मोठी केली की पुढचे काही तास माणसाला नीट दिसत नाही, मग रिक्षावाला, शिवणकाम करणारी बाई, असे लोक ड्रॉप्सना नाहीच म्हणतात आणि तपासणी राहून जाते. म्हणजे गरज होती ड्रॉप्स न टाकता चालणाऱ्या कॅमेऱ्याची, जो नवीन टेक्निशियन मुलीला दोन दिवसांत शिकता येईल. हे एका कागदावर लिहा, एकाच, आणि डॉक्टरांची त्यावर सही घ्या, पुढे दोन वर्षं भांडणं झाली की हाच कागद काढायचा.

आता मुख्य मुद्दा, काम कसं वाटायचं. माझा नियम साधा आहे, ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही ते लॅबकडे द्या, आणि जे शंभर वेळा तसंच्या तसं व्हायला हवं ते कंपनीने घ्या. आमच्यात लहान बाहुलीतून प्रकाश आत कसा सोडायचा हा प्रश्न लॅबचा होता. कॉर्नियावरून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावरून, साधारण अडीच टक्के प्रकाश परत फिरतो, ऐकायला कमी वाटतो पण पडद्यावरून परत येणारा प्रकाश त्याहून कितीतरी कमी असतो, त्यामुळे कॉर्नियाची चमक अडवली नाही तर फोटोत मधोमध पांढरा डाग आणि बाकी काळोख. म्हणून प्रकाश गोल कड्यासारखा आत सोडतात आणि कड्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून फोटो घेतात. ते कडं किती मोठं, किती जाड, कुठे फोकस करायचं, हे पीएचडीच्या मुलाने वर्षभर खपून काढलं. बॉडी, पॉवर सप्लाय, जॉयस्टिक, स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर, हे आमचं. सरांच्या मुलांकडून कॅबिनेटचं ड्रॉइंग करून घेऊ नका, त्यांना त्यात पेपर मिळत नाही म्हणून ते मनापासून होत नाही, आणि आपल्या माणसाला नवीन ऑप्टिक्स शोधून काढ म्हणू नका.

ही वाटणी आम्ही शोधलेली नाही. ओसीटीचंच बघा, आज प्रत्येक मोठ्या नेत्र रुग्णालयात पडद्याचा उभा छेद दाखवणारं ते मशीन असतं. १९९१ ला पहिला पेपर आला, डेव्हिड हुआंग तेव्हा विद्यार्थी होता, जेम्स फुजिमोटो एमआयटीचे, एरिक स्वॉन्सन फायबर ऑप्टिक कम्युनिकेशनमधला माणूस आणि कार्मेन पुलियाफितो डोळ्यांचे डॉक्टर. यातल्या फुजिमोटो, स्वॉन्सन आणि पुलियाफितोंनी १९९२ ला छोटी कंपनी काढली, १९९४ ला ती हम्फ्री इन्स्ट्रुमेंट्सने घेतली जी झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या मालकीची होती, आणि १९९६ ला पहिलं मशीन विकायला आलं. दरम्यान बोस्टनमध्ये टफ्ट्सच्या नेत्रकेंद्रात प्रोटोटाइप ठेवून खऱ्या पेशंटवर काम चालू होतं. डॉक्टर पहिल्या दिवसापासून टीममध्ये होते, आणि इतकी तयारी असूनही पेपर ते मशीन पाच वर्षं गेली. तुमच्या प्लॅनमध्ये दीड वर्ष लिहिलं असेल तर आत्ताच खोडा. ड्यूक युनिव्हर्सिटीतून निघालेली बायोप्टिजेन पण अशीच, तिने हातात धरायचं ओसीटी केलं, कारण पाळण्यातलं बाळ हनुवटी टेकवून बसत नाही, आणि २०१५ ला लायकाने ती विकत घेतली.

अमेरिकेत १९९२ ला एसटीटीआर म्हणून योजना आली, तिच्यात ही भागीदारी नियमातच बसवलीय, किमान ४० टक्के काम छोट्या कंपनीने आणि किमान ३० टक्के संशोधन संस्थेने करायचं, शिवाय शोध कुणाच्या मालकीचा याचा करार आधीच करून द्यायचा. आपल्याकडे कुणी सक्ती करो ना करो, हा करार आधी करा. सरांशी कितीही घरोबा असू दे. करारात काय हवं? आधीपासून कुणाकडे काय होतं, नवीन शोध कुणाचा, कंपनीला लायसन्स कुठल्या वापरासाठी आणि रॉयल्टी किती, पेपर छापण्याआधी कंपनीला वाचायला किती दिवस, आणि पीएचडीचा मुलगा पास होऊन गेला तर पुढे कोण बघणार. पेपरचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे कारण भारतात आधी पेपर छापला किंवा कॉन्फरन्समध्ये दाखवला आणि मग पेटंटला गेलात तर बहुतेक वेळा पेटंट हातचं जातं. उपाय सोपा आहे, पेपर पाठवायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, मुलाचा पेपरही अडत नाही. पेपर अडवून धरू नका हो, त्याचं करिअर त्यावर असतं.

अजून एक गोष्ट जी जवळजवळ सगळे विसरतात. लॅबमधलं ऑप्टिक्स डिझाइनचं सॉफ्टवेअर, आकडेमोडीचं मॅटलॅब, हे शैक्षणिक लायसन्सवर असतं आणि ते विकायच्या प्रॉडक्टसाठी वापरायची परवानगी नसते. आम्हाला हे उशिरा कळलं, मग प्रतिमा सुधारायचा सगळा कोड पायथनमध्ये पुन्हा लिहावा लागला, चार महिने गेले.

पैशाचं थोडक्यात सांगतो. बायरॅक ही बायोटेक उद्योगाला मदत करणारी सरकारी संस्था, तिची बिग नावाची ग्रँट ५० लाखांपर्यंत आणि १८ महिन्यांची असते, कल्पना चालते हे दाखवायला पुरते, कारखान्याला नाही. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर आहे, तिथून बिगचे अर्ज जातात आणि मार्गदर्शनही मिळतं, मुंबईत आयआयटीत बेटिक आहे जे २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एकत्र आणून वैद्यकीय उपकरणंच बनवतं, त्यांची केंद्रं पुण्यात सीओईपीला आणि नागपूरला व्हीएनआयटीत निघाली. अर्जात बजेट लिहिताना टेस्टिंग लॅबची फी वेगळी धरा, सगळे लेन्स आणि सेन्सरवर पैसे लिहितात आणि इथे कमी पडतात.

आता प्रकाशाची सुरक्षितता, इथे घाई अजिबात करू नका. आपण माणसाच्या पडद्यावर प्रकाश टाकतोय, आणि पडदा एकदा भाजला की परत येत नाही. आयएसओ १५००४-२ हे स्टँडर्ड डोळ्यांच्या उपकरणांच्या प्रकाशासाठीच आहे, ते विकत घ्या आणि वाचा. एलईडीच्या डेटाशीटवर विसंबू नका, तयार मशीनमधून बाहेर येणारा प्रकाश कॉर्नियाच्या जागी मोजा, स्पेक्ट्रमसकट, कारण निळ्या प्रकाशाचा धोका वेगळा मोजायचा असतो. सॉफ्टवेअर अडकलं आणि फ्लॅश चालूच राहिला तर काय, याचं उत्तर हार्डवेअरमध्ये हवं, वेगळं टायमर सर्किट लावा जे स्वतःहून बंद करेल. आणि लॅबमधली मुलं एकमेकांच्या डोळ्यांचे फोटो काढायला लागतात, ते थांबवा. एथिक्स कमिटीची मंजुरी आपल्याच टीमच्या डोळ्यांसाठीही घ्यायची, तोपर्यंत मॉडेल आय, म्हणजे नकली डोळा, वापरायचा.

मंजुरी मिळाल्यावर लॅबमध्ये आमचे फोटो अप्रतिम आले, सगळे खूश. मग हॉस्पिटलमध्ये नेलं आणि पहिल्या दिवशी एकही फोटो वाचण्यासारखा आला नाही. कारण नंतर समजलं, लॅबमध्ये सगळे पंचविशीतले, अंधारात बाहुली सहा-सात मिलीमीटर होते आणि डोळ्यातली लेन्स स्वच्छ. पासष्ट वर्षांच्या डायबेटिसच्या आजोबांची बाहुली अंधारातही तीन-साडेतीनच्या वर जात नाही, वर थोडा मोतीबिंदू, त्यामुळे आमचं प्रकाशाचं कडं बाहुलीच्या बाहेर बुबुळावरच पडत होतं. त्यात ओपीडीची ट्यूबलाइट. कडं लहान करून, डोक्याभोवती काळं कापड लावून, पुन्हा सगळं मांडायला सहा महिने लागले. त्या वेळी खूप वाईट वाटलं होतं, पण ज्या माणसांसाठी मशीन आहे त्यांच्याकडे आधीच गेलो असतो तर हे पहिल्या महिन्यात कळलं असतं. म्हणून टेबलावरचं अर्धवट मॉडेल असतानाच म्हाताऱ्या पेशंटच्या बाहुल्या मोजून या, नुसत्या मोजायच्या, तिथल्या अंधाऱ्या खोलीत, अर्थात परवानगी घेऊनच.

चाचणीत किती फोटो छान आले हे मोजू नका, किती फोटो वाचताच आले नाहीत हे मोजा, आणि दोन डॉक्टरांना एकमेकांचं उत्तर न दाखवता वाचायला द्या. चाचणीपुरती थोडी मशीन बनवायलाही लायसन्स लागतं, एमडी-१२ या फॉर्मवर अर्ज करून एमडी-१३ हे लायसन्स मिळतं, चाचणी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदणी वेबसाइटवर पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंदवायची, आणि संमतीपत्र मराठीत, आजींना वाचून दाखवलं तर समजेल असं. विक्रीचं लायसन्स उपकरणाच्या वर्गावर ठरतं (ए सगळ्यात कमी धोक्याचा, डी सगळ्यात जास्त), ए आणि बी असेल तर राज्याकडे, सी आणि डी असेल तर केंद्राकडे, तुमचं मशीन कुठल्या वर्गात ते सीडीएससीओ या केंद्राच्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेच्या यादीत बघून घ्या. आयएसओ १३४८५, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं स्टँडर्ड, त्याच्या फायली पहिल्या दिवसापासून ठेवा, मागून तारखा आठवत बसणं फार त्रासाचं होतं.

शेवटचं, पीएचडीचा मुलगा जातो. पीएचडी झाली की तो जाणारच, आणि मशीनचं अलाइनमेंट त्याच्या बोटांत असतं, वहीत नसतं. त्याला लेन्स जुळवायला पूर्ण दिवस लागायचा, आम्हाला ते पाऊण तासात व्हायला हवं होतं. आमची टेक्निशियन ताई आठवड्यातून दोन दिवस लॅबमध्ये बसली, त्याने प्रत्येक स्क्रू का फिरवला ते विचारून व्हिडिओ काढले, मग प्रत्येक लेन्स किती सरकली तर चालेल याचं गणित लॅबने करून दिलं आणि त्यावरून आम्ही जिग, म्हणजे लेन्स बरोबर जागी धरणारे साचे, बनवले. हे तो असतानाच करा, गेल्यावर फोनवर होत नाही.

आणि प्रोटोटाइप एक बनवू नका, तीन बनवा. एक ओपीडीत, जे रोज वापरलं जाईल आणि स्पिरिटने पुसून पुसून हनुवटीच्या प्लास्टिकला तडे जातात का ते कळेल. एक लॅबमध्ये, पुढच्या मुलाला पुढचा प्रश्न सोडवायला. आणि एक तुमच्या वर्कशॉपमध्ये, उघडून ठेवलेलं, म्हणजे हॉस्पिटलमधून फोन आला की समोर बघून सांगता येतं कुठला कनेक्टर हलवायचा.