मेनू लपवला म्हणून पान बंद होत नाही
खानापूरकडच्या एका सोसायटीच्या ॲपमध्ये क्लार्कला ॲडमिनचा मेनू दिसत नव्हता, पण ॲड्रेस बारमध्ये लिंक टाकली की व्याजदर बदलायचं पान सरळ उघडायचं बघा. म्हणून रोल, म्हणजे वापरणारा क्लार्क आहे की ॲडमिन, हे सर्व्हरवरच तपासायचं.

१. पानागणिक इफ लिहीत बसू नका, लारावेलमध्ये (हे पीएचपीचं फ्रेमवर्क) राउट ग्रुपला, म्हणजे पानांच्या पत्त्यांच्या गटाला, मिडलवेअर (पान उघडण्याआधी चालणारा चेक) एकदाच लावा, आधी सगळं बंद आणि मग लागेल तेवढंच उघडं, म्हणजे त्या ग्रुपमध्ये नवीन पान जोडताना चेक लावायला कोण विसरलं तरी ते बंदच राहतं, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.
२. लॉगिन नसेल तर लॉगिनकडे पाठवा, लॉगिन असून हक्क नसेल तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' हा एरर कोड, द्या.
३. क्लार्कच्या लॉगिननं ॲडमिनची लिंक पेस्ट करून बघा, ४०३ आलं पाहिजे.

फक्त पान अडवून भागत नाही हं, सेव्ह बटण दाबल्यावर सर्व्हरकडे माहिती नेणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टलाही तोच चेक पाहिजे.