पेस किती आला? ग्राउंडपासून पेपरपर्यंत होणाऱ्या या चुका टाळा

परभणी घ्या, लातूर घ्या नाहीतर नांदेड, पहाटे साडेपाचला कोणत्याबी ग्राउंडवर दोन टोळ्या दिसतातच, एक भरतीवाल्या पोरांची आणि दुसरी नुकतीच शुगर निघालेल्या काका लोकांची. दोन्हीकडं एकच शब्द चालू असतो, पेस. 'तुझा पेस किती', 'माझा पेसच बसना गेलाय', 'डॉक्टर म्हणले पेस वाढवा'. गंमत अशी की पोरं एक समजू लालेत, काका दुसरं समजू लालेत आणि मोबाइलमधलं ॲप तिसरंच दाखवू लालंय. त्यात घरात कुणाला पेसमेकर बसलेला असला किंवा पोरगी इंग्रजीच्या पेपरला बसणार असली तर अजून दोन अर्थ घरात येतात, आणि मग जो घोळ होतो तो होतोच.

आकडा वाढला म्हणून पेढे वाटू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. चालण्या-पळण्याच्या ॲपमधला पेस म्हणजे एक किलोमीटरला लागलेला वेळ. म्हणजे १० चा पेस याचा अर्थ किलोमीटरला १० मिनिटं लागली. हा आकडा कमी झाला की तुम्ही फास्ट झालात, वाढला की स्लो. तरीबी 'महिन्याभरात ९ वरून ११ वर आणला बघा' असं छाती फुगवून सांगणारे लोक भेटतात, आणि समोरचाबी 'वा वा' म्हणतो.

याला कारण क्रिकेट आहे असं माझं मत. आपल्या डोक्यात पेस म्हणलं की पेस बॉलर येतो आणि तिथं आकडा मोठा तितका बॉल जोरात, शोएब अख्तरनं २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये ताशी १६१.३ किलोमीटरनं टाकलेला बॉल आपण आजून काढतो बोलण्यात. आपल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममध्ये होता तेव्हाबी गावागावात चर्चा तीच, की पोरगं कितीनं टाकतंय. ते सगळं ताशी किलोमीटरमध्ये. पळण्यातला पेस त्याच्या बरोबर उलटा आहे, एवढं एकदा डोक्यात बसलं की अर्धा घोळ मिटला.

उरलेला अर्धा घोळ जिममध्ये होतो. ट्रेडमिलवर बहुतेक ठिकाणी ताशी किलोमीटर दिसतात आणि ॲपवर मिनिटं. ट्रेडमिलवरचा ६ म्हणजे बऱ्यापैकी झपाझप चालणं, किलोमीटरला १० मिनिटं. ॲपवरचा ६ म्हणजे ताशी १० किलोमीटर, म्हणजे चांगलं पळणं. दोन्हीकडं ६ दिसलं म्हणून 'मी जिममध्ये करतो तेवढंच ग्राउंडवर करतो' असं म्हणणारा माणूस ग्राउंडवर पहिल्याच फेरीत कमरेवर हात ठेवून उभा राहतो. हिशोब सोपा आहे, ६० ला त्या आकड्यानं भागा, एकाचं दुसरं निघतं.

फक्त भागताना ५:३० ला ५.३० धरू नका. साडेपाच मिनिटं म्हणजे ५.५, त्यानं भागलं तर ताशी १०.९ किलोमीटर येतं आणि ५.३० नं भागलं तर ११.३. वेळ ६० च्या हिशोबानं चालते, कॅल्क्युलेटर १०० च्या.

अजून एक, पेस आणि केडन्स वेगळं. घड्याळात मिनिटाला ११० वगैरे आकडा दिसतो ना तो पावलांचा असतो. मोठ्या माणसानं मिनिटाला साधारण १०० पावलं टाकली की त्याला मध्यम जोराचं चालणं धरतात, ही फूटपट्टी चांगली आहे, वॉकवाल्या काकांनी हीच वापरावी. पण बुटक्या माणसाची ११० पावलं उंच माणसाच्या १०० पावलांच्या मागं पडू शकतात, त्यामुळं केडन्स बघून 'मी तुझ्यापेक्षा फास्ट' असं भांडू नका.

भरतीवाल्यांनो, पहिली फेरी

पोरांच्या १६०० मीटरचं बोलू. बरेच जण ५ मिनिटं १० सेकंदाचं टार्गेट डोक्यात ठेवून असतात. ४०० मीटरच्या ट्रॅकच्या चार फेऱ्या, म्हणजे एका फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद, किलोमीटरचा पेस साधारण ३:१४. आता होतं काय, शिट्टी वाजली की सगळी झुंड सुटते, बाजूचा पळतोय म्हणून आपण पळतो आणि पहिली फेरी ६५-६६ सेकंदात होते, कडंनं मित्र वरडतो 'मस्त पेस हाय, सोडू नको', आणि तिसऱ्या फेरीत पाय दगडासारखे होतात, ती फेरी नव्वदच्या पुढं जाते आणि पहिल्या फेरीत कमावलेलं सगळं तिथं व्याजासकट जातं. चुना मारलेल्या रेषेजवळ घड्याळ घेऊन कुणालातरी उभा करा आणि त्यानं फक्त वेळ वरडायचा. पहिली फेरी १:१७, दुसरी संपताना २:३५, तिसरी संपताना ३:५२. तिसरी फेरी हीच खरी परीक्षा आहे, चौथीला तर घर दिसतं म्हणून माणूस आपोआप पळतो.

बरं ती फेरी खरंच ४०० ची आहे का तेबी मोजा. शाळेच्या मैदानावर अंदाजानं मारलेला गोल ३५० चाबी असतो आणि ३७० चाबी. पक्क्या ट्रॅकवर ४०० मीटर हे सगळ्यात आतल्या लेनचं माप आहे, बाहेरच्या आठव्या लेनमधून पूर्ण गोल मारला तर ४५० मीटरच्या वर जातं. आणि ॲपमधला चालू पेस, तो सेकंदा-सेकंदाला ४ चा ६ अन् ६ चा ५ होतो, त्याच्याकडं बघून पळू नका. जीपीएस झाडाखाली, इमारतीजवळ आणि गोल ट्रॅकवर जरा भटकतंच, त्यापेक्षा फेरीचा वेळ धरा.

अंतर वेगळं असताना पेसची तुलना करणं हीबी एक मोठी चूक. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. २०२० ला दिल्लीत त्यानं हाफ मॅरेथॉन ६० मिनिटं ३० सेकंदात काढली, म्हणजे २१ किलोमीटर सलग २:५२ च्या पेसनं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला सिल्वर मिळालं तेव्हाचा वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद, तो पेस निघतो २:४४, आणि त्यात २८ अडथळे अन् ७ वेळा पाण्यावरची उडी. म्हणजे अडथळे असून पेस फास्ट, कारण अंतर लहान. तेव्हा एक किलोमीटर ४ च्या पेसनं पळालो म्हणून दहा किलोमीटरबी ४ नं पळू असा हिशोब करू नका, तो कुणाचाच बसत नाही.

पेसमेकर दोन आहेत

शर्यतीतला पेसमेकर म्हणजे पुढं पळून ठरलेला वेग धरून देणारा माणूस. ६ मे १९५४ ला रॉजर बॅनिस्टरनं ऑक्सफर्डमध्ये एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदात काढला तेव्हा ब्रॅशर आणि चॅटावे या दोघांनी आळीपाळीनं पुढं राहून पेस दिला होता. केनियाचा धावपटू किपचोगेनं २०१९ ला व्हिएन्नात दोन तासांच्या आत मॅरेथॉन पळून दाखवली तेव्हा तर ४१ जण पेस द्यायला होते, आणि अशी खास सोय असल्यामुळंच ती वेळ रेकॉर्ड म्हणून धरली नाही.

छातीत बसवतात तो पेसमेकर वेगळा, आणि इथली चूक महागात पडू शकते म्हणून जरा नीट वाचा. आपल्याकडं 'ब्लॉकेज निघालं' आणि 'हार्ट ब्लॉक निघाला' हे सर्रास एकच समजतात. ब्लॉकेज म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी चोंदणं, ती प्लंबिंगची भानगड, तिथं स्टेंट नाहीतर बायपास. हार्ट ब्लॉक म्हणजे ठोक्याचा करंट वरून खाली नीट न पोचणं, ती वायरिंगची भानगड, तिथं पेसमेकर लागू शकतो. त्यामुळं 'आमच्या मामांना स्टेंट टाकला, तुम्हाला पेसमेकर कशाला सांगितला, डॉक्टर लुटतोय' असं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून ठरवू नका. आणि पेसमेकर बसला म्हणून हृदय मशीनवर चालू लागलं असंबी नाही. ठोका लावायचं काम हृदयातला एक छोटा भाग आपणहून करतच असतो, तो मंदावला किंवा त्याचा निरोप खाली पोचला नाही की मशीन तेवढा ठोका भरून काढतं. मोबाइल मात्र त्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही, पेसमेकरपासून साधारण १५ सेंटीमीटर लांब ठेवायचा आणि बोलताना दुसऱ्या बाजूचा कान वापरायचा. चालायला कधी आणि किती सुरुवात करायची ते ज्यांनी बसवलाय त्यांनाच विचारा, शेजाऱ्याला नाही.

पावलानं रान मोजताना

इंग्रजीत पेस म्हणजे पाऊलसुद्धा, आणि इथं नेटवर वाचून रान मोजणाऱ्यांचा घात होतो. रोमन लोकांचा पेस म्हणजे दोन पावलं, डावा पाय टेकला तिथून परत डावा टेकेपर्यंत, जवळजवळ दीड मीटर, आणि असे हजार म्हणजे त्यांचा एक मैल. लष्करी पेस मात्र एकाच पावलाचा, ३० इंच. आता समजा वावरात तुम्ही ३० इंची पाऊल टाकत गेलात, गुंठ्याची एक बाजू ३३ फूट म्हणजे १३ पावलं आणि वर थोडं. पण एक पेस म्हणजे ५ फूट असं कुठंतरी वाचलेलं असलं आणि तुम्ही प्रत्येक पावलाला ५ फूट धरले तर तीच बाजू ६५ फूट निघते. लांबीबी दुप्पट, रुंदीबी दुप्पट, म्हणजे एका गुंठ्याचे चार गुंठे. असल्या मापावर ठिबकच्या नळ्या आणल्या की अर्ध्याच्या वर नळी बांधावर पडून राहणार. आधी टेपनं १०० फूट आखा, त्यात आपली पावलं किती पडतात ते बघा, मगच मोजा. नांगरलेल्या काळ्या रानात पाऊल आखूड पडतं हेबी लक्षात ठेवा. आणि बांधाचं भांडण असेल तर पावलं नकोच, सरकारी मोजणी लावा.

पेपरमध्ये 'वेग' लिहून मोकळं होऊ नका

स्पर्धा परीक्षेची पोरं पेस दिसला की वेग लिहितात. दवाखान्याच्या वाक्यात 'ही वॉज पेसिंग अप अँड डाउन' आलं की 'तो वेग कमी-जास्त करत होता' असं भाषांतर मी वाचलंय, अहो तो बिचारा येरझाऱ्या घालू लालाय. 'ॲट युअर ओन पेस' म्हणजे तुमच्या सवडीनं, कलानं घ्या. पगार महागाईला पुरेना झाला तर तिथं 'कीप पेस' येतं, म्हणजे बरोबरीनं टिकणं.

'पुट थ्रू द पेसेस' हा घोड्याच्या बाजारातला प्रकार आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या जत्रेत घोडा घेणारा माणूस आधी त्याला चालवून, पळवून, वळवून बघतो ना, तसं कुणाचं कसब पारखून घेणं. घोड्याच्या एका चालीलाच पेस म्हणतात, त्यात एका बाजूचे पुढचा-मागचा दोन्ही पाय एकदमच पडतात, उंट तसाच चालतो, पुढच्या जत्रेत निरखून बघा.

आणि जुन्या वळणाच्या इंग्रजी लेखात एखाद्या माणसाच्या नावाआधी तिरप्या अक्षरात हेच स्पेलिंग दिसलं तर तो लॅटिन शब्द आहे, उच्चार पाचे किंवा पेसी, अर्थ 'यांचा मान राखून सांगतो, पण मला पटत नाही'. तिथं चालणं नाही, पळणं नाही.

कोजागिरीला चालत जाणाऱ्यांसाठी

सोलापूरहून तुळजापूरला चालत जायचं तर साधारण ४५ किलोमीटर. ॲपवर दोन पेस असतात, एक फक्त पाय चालू असतानाचा आणि दुसरा थांबण्यासकट. लोक पहिला बघून हिशोब लावतात, १२ चा पेस म्हणजे नऊ तास, रात्री आठला निघालो की पहाटे पाचला आईच्या दारात. पण वाटेत चहा होतो, फराळ होतो, फोडं आलेल्या पायाला पट्टी बांधायला बसावं लागतं, सोबतचा एखादा मागं राहतो आणि असं करत तीन तास कधी गेले कळत नाही. मग एकूण पेस १२ नाही, १६ पडतो. घरच्यांना गाडी घेऊन बोलवायचं असेल तर पाचला नाही, आठला बोलवा.