गांजा ट्रिमिंगच्या जॉबवर खाज, गांधी, शिंका येतायत? मग काय करायचं

कॅनडात गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, लायसन्सवाल्या कंपन्या तो मोठमोठ्या ग्रीनहाऊसमध्ये पिकवतात आणि ओंटारियोत शिकायला आलेली आपली मुलंमुलीपण तिथे ट्रिमिंगच्या शिफ्ट करतात. घरी सांगत नाहीत ते मी समजू शकतो, पण डॉक्टरपासूनही लपवतात, आणि मग नाक गळायला लागलं की हवा बदलली म्हणून सोडून देतात, ते बघवत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ट्रिमिंग म्हणजे बडच्या, म्हणजे गांजाच्या फुलाच्या, भोवतीची छोटी पानं कात्रीने काढायची. बडवर बारीक लव असते, ट्रायकोम म्हणतात त्याला, त्यात चिकट राळ भरलेली असते आणि ती बोटांना, कात्रीला, बाहीला, सगळीकडे लागते. काहींना नुसती तेवढ्यानेच चुरचुर होते, ती ॲलर्जी नाही, धुतलं की जाते. खरी ॲलर्जी झाडातल्या प्रोटीनची असते, आणि ती पहिल्या दिवशी होईलच असं नाही. शरीर आधी त्या प्रोटीनची ओळख करून घेतं, कुणाला काही आठवडे, कुणाला काही महिने, कुणाला त्याहून जास्त, आणि मग एक दिवस अचानक त्रास सुरू होतो. म्हणून "इतके दिवस काही झालं नाही, मग आत्ताच कसं होईल" हा हिशोब इथे चालत नाही.

ओळखायचं कसं? हात बघा. ग्लोव्ह संपतो आणि बाही सुरू होते त्या मधल्या उघड्या पट्टीवर लाल गांधी उठल्यात का, कोपराच्या आतल्या बाजूला खाज येते का, त्याच हाताने डोळा चोळल्यावर पापणी सुजते का. काम सुरू केल्यावर थोड्याच वेळात गांधी उठून घरी गेल्यावर काही तासांत बसत असतील तर ती लगेचची ॲलर्जी, आणि दोन दिवसांनी कातडी कोरडी पडून भेगा, पुरळ येत असेल तर तो वेगळा प्रकार, त्यात ग्लोव्हमधलं रबर किंवा कात्री पुसायचं अल्कोहोलही कारण असू शकतं. अजून एक खूण म्हणजे सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर परत गेलं की पुन्हा सुरू. हे डायरीत लिहून ठेवा, कुठल्या दिवशी काय काम केलं, कधी काय झालं, जमलं तर फोटोपण. डॉक्टरला याचा फार उपयोग होतो कारण तुम्ही त्याच्यासमोर बसता तोवर गांधी गेलेल्या असतात.

आता हातांचं. नायट्राइलचे ग्लोव्हज घाला, लॅटेक्सचे नको कारण लॅटेक्सची स्वतःची ॲलर्जी असते. लांब बाह्या किंवा डिस्पोजेबल स्लीव्हज, आणि ग्लोव्ह बाहीच्या वर चढवायचा म्हणजे ती उघडी पट्टी राहत नाही. ग्लोव्हज चिकट झाले की बदला, दिवसभर एकच जोडी नको. राळ पाण्याने निघत नाही आणि लोक मग कात्रीचं अल्कोहोल सरळ हाताला चोळतात, तसं करू नका, कातडी कोरडी होऊन अजून आग होते. फणस चिरल्यावर चीक काढायला तेल लावतो ना, तसंच इथे, थोडं खोबरेल चोळा, टिश्यूने पुसा, मग साबण. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, वेगळ्या पिशवीत आणा आणि शिफ्ट संपली की अंघोळ करा.

इथवर कातडीचं झालं आणि ते बऱ्यापैकी सांभाळता येतं. श्वासाचं तसं नाही. सुक्या बडचं ट्रिमिंग, त्याहून ग्राइंडर (बड दळायचं मशीन) आणि प्री-रोल, म्हणजे गांजाच्या तयार सिगारेटी, भरायचं काम, यात बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योकला एका प्लांटमध्ये २७ वर्षांची मुलगी काम करत होती, काही महिन्यांत नाक गळणं, खोकला, धाप सुरू झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये कामावरूनच इमर्जन्सीत न्यावं लागलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये प्री-रोल भरताना दम्याचा झटका येऊन ती गेली. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, हे २०२३ मध्ये छापलंय. तसंच काम करणाऱ्या ज्या १० जणांशी बोलले त्यातल्या चौघांना श्वासाचा किंवा त्वचेचा त्रास होता. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, पण छातीत शिट्टी वाजते, जिना चढताना पूर्वी लागत नव्हती ती धाप लागते, रात्री खोकल्याने जाग येते, यातलं एकही असेल तर मास्क लावून रेटायचं नाही. त्या रूममधून बाहेर पडा आणि डॉक्टर गाठा.

ज्यांना अजून काही नाही त्यांनी मास्क लावावाच, एन९५, निळा सर्जिकल नाही, आणि फिट टेस्ट करून, म्हणजे तो चेहऱ्याला घट्ट बसतो का ते तपासून. दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही, मग त्याचा उपयोग नाही. टेबलावरचा चुरा झाडूने किंवा हवेच्या प्रेशरने उडवू नका, हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळ अडवणारा, व्हॅक्यूम मागा. बुरशी लागलेला बड दिसला तर बाजूला काढून सुपरवायझरला सांगा, बुरशीचीही ॲलर्जी असते.

सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी) घेऊन शिफ्ट करणारे खूप आहेत. खाज थांबते हो, पण दम्याला ती गोळी पुरत नाही आणि तुम्ही धुळीत बसून राहता. ओठ, जीभ सुजली, घसा आवळला, चक्कर आली तर गोळी शोधत बसायचं नाही, एपिनेफ्रिनचं पेन (जीवघेण्या ॲलर्जीवरचं तयार इंजेक्शन) असेल तर मांडीत मारा आणि ९११ हा इमर्जन्सी नंबर लावा.

डॉक्टरकडे गेलात की स्पष्ट सांगा, मी गांजा ट्रिम करतो, रोज इतके तास, ग्राइंडरजवळ बसतो. इथे तो गुन्हा नाही आणि डॉक्टर तुमच्या घरी फोन करणार नाही. नेहमीच्या पोलनच्या टेस्टमध्ये हे सापडत नाही, तयार प्रमाणित एक्स्ट्रॅक्टच नाही, त्यामुळे तुम्ही सांगितलं नाही तर त्याला कळायला मार्ग नाही. दम्याची शंका असेल तर पीक फ्लो मीटरने (श्वास किती जोरात बाहेर टाकता ते मोजायचं छोटं यंत्र) कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांत दिवसातून चार वेळा फुंकून नोंद ठेवायला सांगतील, ते कंटाळा न करता करा. आणि हो, पीच, टोमॅटो, बदाम, हेझलनट असं काही खाल्ल्यावर तोंडाला खाज येऊ लागली असेल तर तेही सांगा, काही जणांत गांजातलं प्रोटीन आणि या फळांतलं प्रोटीन शरीराला सारखंच वाटतं.

कंपनीला लेखी कळवा, ईमेल बरा. धूळ नसलेलं काम मागा, रोपं लावायचं, लेबलिंगचं. असुरक्षित काम नाकारायचा हक्क ओंटारियोच्या कायद्यात आहे. कामामुळे आजार झाला तर डब्ल्यूएसआयबीचा, म्हणजे ओंटारियोच्या कामगार विमा बोर्डाचा, क्लेम होतो, स्टडी परमिटवर असलात तरी, तुमच्या बाजूचा फॉर्म ६ असतो आणि मुदत सहा महिन्यांची, म्हणून डॉक्टरचे कागद आणि ती डायरी एकाच फोल्डरमध्ये ठेवा.