लॉन्ड्रीवाला साडी बिघडवतो तेव्हा

माझी मोरपंखी पैठणी नणंदेच्या लग्नानंतर आमच्या डोंबिवलीतल्या कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत गेली आणि परत आली ती पदरावरचे मोर गुलाबी झालेले घेऊन. काठाचा रंग पदरात उतरला होता. शेठ म्हणाले, "ताई, कापडातच खोट असणार." मी दुकानात उभी राहून इतकी ओरडले की इस्त्रीवाल्या पोऱ्याने इस्त्री बंद केली. उपयोग शून्य. पुढे जे कामाला आलं ते सांगते.

खरं भांडण कपडा देतानाच जिंकायचं असतं. पावतीवर "साडी १" एवढंच लिहू देऊ नका. "पैठणी, मोरपंखी, पदराजवळ चहाचा डाग, अंदाजे किंमत अमुक" असं लिहून घ्या. रोल प्रेस हवं की ड्रायक्लीन, तेही. शेठ तोंड वाकडं करतील, मागे रांग असेल, तरी लिहून घ्या. काउंटरवरच मोबाइलवर दोन फोटो काढा, एक उघडलेल्या पदराचा आणि एक काठाचा. डाग कशाचा आहे ते लपवू नका. हळद, तेल आणि चहा यांचे उपाय वेगवेगळे असतात, आणि न सांगितलेला डाग उद्या "आधीपासूनच होता" होतो.

(पूर्वी धोबी बिब्ब्याच्या शाईने कपड्यावर खूण करत, ती कितीही धुतली तरी जात नसे. आता कागदी टॅग पिनेने टोचतात. रेशमावर टोचू देऊ नका, दोऱ्याने बांधायला सांगा.)

कपडा परत घेताना पिशवीतच घरी नेऊ नका. ट्यूबलाइटखाली पिवळट झाक दिसत नाही, दुकानाबाहेर उजेडात नेऊन घडी उलगडा. मी मात्र तीन दिवसांनी उघडली होती, आणि तेवढ्यावरच शेठ अडून बसले.

बिघाड दिसला तर "परत धुऊन देतो" ला लगेच हो म्हणू नका. गरम इस्त्रीने डाग आणखी पक्का होतो. आधी फोटो काढा, पावतीची प्रत ठेवा आणि शेठना व्हॉट्सॲपवर लिहा: कपडा कधी दिला, काय झालं, काय हवं, किती दिवसांत. पोऱ्याशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. परत द्यायचीच असेल तर "दुरुस्तीसाठी घेतली" असं लिहून सही घ्या.

मग पावतीची मागची बाजू पुढे येते: "नुकसान झाल्यास धुलाईच्या दहापट." घाबरू नका. १९६० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे अशीच एक लॉन्ड्री आली होती. नवी साडी हरवली आणि पावतीवर लिहिलं होतं की किमतीच्या फक्त १५ टक्के मिळतील. न्यायालयाने ती अट मानली नाही. आपण मात्र रास्त मागावं. दहा वर्षं नेसलेल्या साडीचे नव्याचे पैसे कोणी देत नाही.

तरीही ऐकलं नाही, तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीतही बोलता येतं. ती हुकूम सोडत नाही, दुकानदाराशी बोलून पाहते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. ऑनलाइनही दाखल होते.

मला तिथवर जावं लागलं नाही. १९१५ चा तक्रार क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवला, त्याच संध्याकाळी शेठचा फोन आला. चार हजारांवर तडजोड झाली, दोन हप्त्यांत. मोर गुलाबीच राहिले.

जवळ दुसरी लॉन्ड्री नाही, म्हणून अजून तिथेच जाते. परवा साडी काउंटरवर ठेवली, तर मी तोंड उघडायच्या आत शेठ लिहीत होते: "इरकल, जुनी, निऱ्यांवर तेल."